दुसरे दार : नर्सिंगच्या ‘छोट्या’ अभ्यासक्रमाचा मोठा इतिहास (थ्रेड)

१/ बारावीचा निकाल लागला की विदर्भातील गावोगावी एक हिशेब सुरू होतो. बी.एस्सी. नर्सिंग किंवा तीन वर्षांच्या जीएनएमच्या यादीत मुलीचे नाव आले नाही, तर दोन वर्षांच्या एएनएमला जावे का? घरात कोणी म्हणते, वर्षभर थांब. कोणी म्हणते, मिळते ते पदरात पाडून घे. प्रश्न आजचा दिसतो. परंतु परिचर्येच्या शिक्षणाची ही दोन दारे कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधली, याचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे.

२/ प्रथम नावे समजून घेऊ. जीएनएम म्हणजे ‘जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी’. एएनएम म्हणजे ‘ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ’. शासकीय मराठीत सहाय्यकारी परिचारिका व प्रसाविका. ‘सहाय्यकारी’ म्हणजे कोणाच्या तरी हाताखालची. गावातील उपकेंद्रात मात्र तिच्या वरचे कोणी रोज हजर नसते. तेथे ती एकटीच ‘नर्सबाई’ असते. पदनाम आणि प्रत्यक्ष काम यांतील हे अंतर या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

३/ बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड इतिहासप्रेमींना ठाऊक असते ते लढायांमुळे. बालाघाटाच्या पायथ्याशी, वऱ्हाडात उतरणाऱ्या वाटेवरचे हे गाव. १४३७ मध्ये खानदेशचा नासिरखान फारुकी, बहमनी दरबारात आपल्या मुलीची उपेक्षा झाली म्हणून वऱ्हाडावर चालून आला. बहमनी सरदार खलफ हसन याने त्याला येथे हरवले. पुढे १५९०-९१ मध्ये बुऱ्हाण निजामशहा आणि खानदेशचा राजा अलीखान यांच्या बाजूने लागलेल्या निकालात जमालखान महदवी येथेच मारला गेला.

४/ तवारिखांनी सरदारांची नावे जपली. रणांगणावर पडलेल्यांच्या जखमा कोणी धुतल्या, त्यांना पाणी कोणी पाजले, ती नावे मात्र उरली नाहीत. शुश्रूषा हे काम होते, पण त्याला हुद्दा नव्हता, शाळा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. बाळंतपणासाठी सुईण होती. तिचे ज्ञान सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे जाई. परिचर्या हा शिकण्याचा आणि शिकवण्याचा विषय ठरला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यालाही एक युद्धच निमित्त झाले.

५/ १८५४. क्रिमियाचे युद्ध. फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिकांची तुकडी घेऊन तुर्कस्तानला गेली, हे सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी जमैकात जन्मलेली, कॉलऱ्याच्या साथींत रुग्णसेवा केलेली मेरी सीकोल लंडनला आली आणि त्याच कामासाठी तिने अर्ज केला. तिला नकार मिळाला. मिश्रवर्णीय असणे हेच नकाराचे कारण असावे, अशी शंका तिने पुढे आपल्या आत्मकथनात बोलून दाखवली.

६/ सीकोल थांबली नाही. स्वतःच्या खर्चाने क्रिमियाला पोहोचून १८५५ मध्ये तिने बालाक्लावाजवळ ‘ब्रिटिश हॉटेल’ नावाचे ठिकाण उभारले. तेथे सैनिकांना जेवण मिळे आणि औषधपाणीही. अधिकृत दार बंद झाल्यावर दुसऱ्या वाटेने त्याच कामाला पोहोचणाऱ्या स्त्रियांच्या परंपरेतील हे ठळक नाव आहे. पण तिच्या वाट्याला आलेली उपेक्षाही त्याच परंपरेची: कित्येक दशके इतिहासाने नाइटिंगेलला लक्षात ठेवले, सीकोलला नाही.

७/ १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. आधुनिक परिचर्येचा पाया येथे घातला गेला, आणि दोन दारांचाही. काही वर्षांतच तेथे दोन प्रकारच्या विद्यार्थिनी दिसू लागल्या. सामान्य घरच्या मुली विद्यावेतन घेऊन शिकत आणि वॉर्डात राबत. सुखवस्तू घरच्या ‘लेडी’ विद्यार्थिनी स्वतःचा खर्च स्वतः करीत. त्यांना पुढे मेट्रन होण्यासाठी घडवले जाई. श्रेणी ठरली ती मुख्यतः घराण्यावरून.

८/ हिंदुस्थानात चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. १८८५ मध्ये लेडी डफरीन निधी स्थापन झाला. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी तयार करणे हा त्याचा हेतू होता. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरीन’च आहे, ही त्याच काळाची खूण. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. प्रशिक्षणाची सोय हळूहळू निर्माण होऊ लागली. पण शिकायला येणार कोण?

९/ अडथळे दोन होते. पहिला शिक्षणाचा: वर्ग इंग्रजीतून चालत आणि मुलींच्या शाळाच मोजक्या होत्या. दुसरा समाजाचा: परक्या माणसाच्या मलमूत्राला, रक्ताला हात लावायचा, रात्रपाळी करायची, पुरुष रुग्णांच्या वॉर्डात जायचे. ‘चांगल्या घरच्या’ बाईने असे काम करणे म्हणजे घराण्याला बट्टा. त्यामुळे आरंभीच्या परिचारिका बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती होत्या. १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतले जाते.

१०/ शाळेचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते, तरीही काम अडून राहिले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा केली. रुग्णाला स्वतः वाहून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याकडे परिचर्येचे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. मुलींच्या शिक्षणाची वाट उघडणाऱ्या बाईंचा शेवट रुग्णसेवेत व्हावा, यात त्या काळाचे बरेच काही सामावले आहे.

११/ यानंतरचे महत्त्वाचे मराठी पाऊल सेवासदनाचे. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन उभे राहिले. येथे येणाऱ्या अनेकजणी विधवा किंवा परित्यक्ता होत्या. त्यांना थेट परिचर्येचे शिक्षण देणे शक्यच नव्हते, कारण पुष्कळजणींना अक्षरओळखही नव्हती.

१२/ सेवासदनाने काढलेला तोडगा लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक शिक्षणाचे वर्ग चालवायचे, राहण्यासाठी वसतिगृह द्यायचे आणि तयारी झाली की ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवायचे. उंबरठा उंच आहे म्हणून बाईला परत न पाठवता उंबरठ्याशी पायऱ्या बांधण्याचा हा विचार होता. समाजाची टीका रमाबाईंना सोसावी लागली. पण ‘हलके’ समजले जाणारे काम शिकलेल्या, पगार मिळवणाऱ्या बाईचे काम म्हणून दिसू लागले ते अशाच प्रयत्नांतून.

१३/ याच सुमारास अटलांटिकपलीकडे दुसऱ्या दाराला स्वतंत्र नाव मिळाले: ‘प्रॅक्टिकल नर्स’. १८९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वायडब्ल्यूसीए या संस्थेच्या बॅलार्ड शाळेने काही महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. १९०७ मध्ये व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथे आणि १९१८ मध्ये बॉस्टन येथे अशाच शाळा निघाल्या. घरी अंथरुणाला खिळलेले रुग्ण, वृद्ध, लहान मुले यांची काळजी, स्वयंपाक, स्वच्छता असे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण तेथे मिळे. ज्यांना मोठ्या रुग्णालयांच्या शाळांत प्रवेश मिळत नसे, त्यांच्यासाठी ही वाट होती.

१४/ मग कायदा आला. १९१४ मध्ये मिसिसिपी राज्याने या परिचारिकांसाठी परवान्याचा कायदा केला. १९३८ मध्ये न्यूयॉर्कने तो बंधनकारक केला. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात मनुष्यबळ तुटपुंजे ठरले, तेव्हा १९४३ च्या कायद्याने ‘सहाय्यक परिचारिकां’ची वेगळी सूची तयार झाली. क्रम जवळजवळ सर्वत्र सारखा दिसतो. आधी टंचाई येते, मग दुसरे दार उघडते, मग त्या दारातून आलेल्यांना वेगळ्या यादीत बसवले जाते. काम वाढत राहते, हुद्दा तेथेच राहतो.

१५/ नोंदणी हा येथे कळीचा शब्द. १९२६ मध्ये मद्रास प्रांतात आणि १९३५ मध्ये मुंबई प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीची व्यवस्था झाली. नोंदणीमुळे रुग्णाला भरवसा मिळाला आणि शिकलेल्या परिचारिकेला संरक्षण. पण प्रत्येक सूचीबरोबर सूचीबाहेरचेही ठरतात. कोणती शाळा मान्य, किती शिक्षण हवे, कोणती परीक्षा हवी हे निश्चित होताच, पुरेशा शाळाच नसलेल्या मुलखातील मुलींसाठी दार आपोआप अरुंद झाले.

१६/ टंचाई किती भीषण होती? सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. प्रसाविका सुमारे ५,०००. आरोग्य-भेटी देणाऱ्या ‘हेल्थ व्हिजिटर’ अवघ्या ७५०. डॉक्टर ४७,५०० होते. म्हणजे डॉक्टरांच्या तुलनेत परिचारिका सातपटीने कमी. औषध लिहून देणारा होता, ते रुग्णाच्या पोटात वेळेवर जाईल हे पाहणारे कोणी नव्हते.

१७/ भोर समितीने दोन श्रेणी सुचवल्या. वरिष्ठ श्रेणीसाठी मॅट्रिक आणि कनिष्ठ श्रेणीसाठी मिडल स्कूल, म्हणजे साधारण सातवी-आठवी. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. परिषदेने अनेक प्रकारचे जुने अभ्यासक्रम आवरते घेत दोन स्तर ठेवण्याचे ठरवले. त्यातूनच १९५१ मध्ये पंजाबमधील तरनतारन येथील सेंट मेरी रुग्णालयात देशातील पहिला एएनएम अभ्यासक्रम सुरू झाला.

१८/ प्रवेशाची अट इतकी खाली का ठेवली? उत्तर १९५१ च्या जनगणनेत आहे. देशातील स्त्री-साक्षरता होती ८.८६ टक्के. मॅट्रिकची अट घातली असती, तर खेड्यातील जवळजवळ एकही मुलगी आत आली नसती. शहरातून शिकून आलेली परिचारिका वऱ्हाडातील पांदणीच्या गावात टिकण्याची शक्यताही कमी. तेव्हा हा अभ्यासक्रम ‘नापासांसाठी’ निर्माण झालेला नव्हता. शाळाच न पोहोचलेल्या देशाने स्वतःसाठी शोधलेली ती वाट होती.

१९/ या काळात बुलढाण्याच्या माथ्यावरची पाटी मात्र बदलत राहिली. १९५६ पर्यंत मध्यप्रांताचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. तेव्हापासून एएनएम बहुतांशी जिल्हा परिषदेची कर्मचारी झाली. रोहिणखेडसारख्या गावांना सरकारी आरोग्यसेवेचा जो चेहरा रोज दिसू लागला, तो मुख्यतः तिचा.

२०/ १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीचा अहवाल आला. हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा प्रत्येक कामाला वेगळा कर्मचारी नको. ३,००० ते ३,५०० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि तेथे एक पुरुष व एक स्त्री बहुउद्देशीय आरोग्यसेवक असावेत, असे समितीने सुचवले. एएनएम ‘आरोग्यसेविका’ झाली. नाव सन्मानाचे मिळाले. त्यासोबत कामांची यादीही लांबली: बाळंतपण, लसीकरण, साथीचे सर्वेक्षण, गोळ्यावाटप आणि या सर्वांच्या नोंदवह्या.

२१/ त्यात सर्वांत जड ओझे कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचे. ठरावीक मुदतीत ठरावीक संख्येने शस्त्रक्रिया झाल्याच पाहिजेत, अशी सक्ती आणीबाणीत कळसाला पोहोचली. जी बाई बाळंतपण करायला शिकली होती, तिचे मूल्यमापन ‘केसेस’ किती आणल्या यावर होऊ लागले. काही लोक तिला पाहून दार लावून घेऊ लागले, तर त्यात दोष तिचा नव्हता. उद्दिष्टांची ही पद्धत केंद्र सरकारने अधिकृतपणे सोडली ती १९९६ मध्ये.

२२/ दुसऱ्या पारड्यातही बरेच काही आहे. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. लसीचा थंड डबा खांद्याला लावून वाडीवस्तीवर जाणारी हीच ‘सहाय्यकारी’ परिचारिका होती. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. १६ जानेवारी २०२१ पासूनच्या कोविड लसीकरणात अवघ्या नऊ महिन्यांत १०० कोटी मात्रा दिल्या गेल्या, त्यातही तिचा हात मोठा होता.

२३/ मग हुद्द्याचे काय? १९८७ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चाधिकार समितीने देशभरातील परिचारिकांच्या कामाच्या आणि राहण्याच्या दुःस्थितीची दखल घेतली. वर जाण्याचे जिने कागदावर होते आणि आहेत. अनुभवानंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन पर्यवेक्षिका होता येते. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश मागता येतो. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. पण नोकरी, संसार आणि शुल्क सांभाळून जिना चढणे सोपे नसते. दुसरे दार बंद नसते. त्यामागचा जिना अरुंद असतो.

२४/ दरम्यान दाराची उंचीही बदलली. सातवी-आठवीची अट १९७७ च्या सुधारणेत मॅट्रिकवर गेली आणि अलीकडच्या सुधारणेत बारावीवर. म्हणजे ज्या शाळेची पायरी एएनएमला पूर्वी वेगळी करीत होती, ती आता दोन्ही अभ्यासक्रमांना समान आहे. आज मुलगी या दारातून जाते की त्या, हे बऱ्याचदा गुण, जागांची संख्या आणि शुल्क ठरवतात. तरीही ‘खालचा कोर्स’ हे १९५१ मधील अटीचे लेबल तिच्या कपाळी तसेच आहे.

२५/ टंचाई आणि आशा जेथे एकत्र येतात, तेथे तिसरे, फसवे दारही उभे राहते. परिषदेची मान्यता नसलेले, ‘नर्सिंग’ हा शब्द पाटीवर मिरवणारे काही महिन्यांचे वर्ग. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका अधिनियमानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. ज्या अभ्यासक्रमानंतर ही नोंदणी मिळत नाही, तो कितीही चकचकीत इमारतीत चालत असला तरी विद्यार्थिनीला परिचारिका करीत नाही. नोंदणीचा इतिहास जाणून घेण्याचा सर्वांत रोकडा उपयोग हाच.

२६/ २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला गेला. नवी व्यवस्था जिना रुंद करते की नवी सूची तयार करून थांबते, यावर पुढच्या पिढीतील मुलींचे बरेच काही अवलंबून आहे. मागील दीडशे वर्षांचा अनुभव सांगतो की दार उघडणे सरकारांना जमते, कारण टंचाई त्यांना भाग पाडते. जिना बांधण्यासाठी मात्र कोणाला तरी सेवासदनासारखा आग्रह धरावा लागतो.

२७/ तेव्हा प्रवेशयादीत नाव न आलेल्या मुलीला इतिहास काय सांगतो? ‘एएनएम म्हणजे हार’ असे तो सांगत नाही; या देशाचे लसीकरण आणि गावोगावची बाळंतपणे याच शिक्षणाने पेलली. ‘काहीच फरक नाही’ असेही तो सांगत नाही. हुद्दा, पगार आणि बढती यांत फरक आहे, आणि तो तिच्या कुवतीवरून पडलेला नाही. निवड करताना दार कोणते हे पाहावे, त्याला मान्यता आहे का हे पाहावे आणि आत शिरल्यावर जिना कुठे आहे हेही आधीच विचारून घ्यावे.

२८/ १४३७ ची रोहिणखेडची लढाई आज आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. आरोग्यसेविकांच्या नोंदवह्यांत गावोगावचा जन्म, मृत्यू, गर्भवतीचे वजन, बाळाच्या लसीची तारीख असे सारे लिहिलेले असते. भावी इतिहासकारांना विसाव्या-एकविसाव्या शतकातील खेडे समजून घ्यायचे असेल, तर दरबारी कागदांइतकीच याही वह्यांची पाने उलटावी लागतील. त्या जपल्या जातील का, हा प्रश्न इतिहासप्रेमींनी आजच विचारायला हवा. (थ्रेड समाप्त)